पट, पत आणि उमेद

मुळशी तालुक्याचा पूर्वेकडचा कोपरा हिंजवडीच्या आयटी पार्कला टेकलेला आहे आणि मारुंजी हे गाव त्याच कोपऱ्यात येते. तालुक्याचे दुसरे टोक मुळशी धरणाच्या पाण्यामागे, ताम्हिणी घाटाच्या माथ्यावर, पावसाळ्यात धुक्यात बुडणाऱ्या वाड्यावस्त्यांत संपते. एका टोकाला शेतांच्या जागी गृहसंकुले आणि त्यांच्यामागोमाग इंग्रजी माध्यमाच्या शाळा आल्या, तर दुसऱ्या टोकाला दोन शिक्षकांच्या आणि मोजक्या मुलांच्या शाळा उरल्या. दोन्ही टोकांच्या प्राथमिक शाळा मात्र एकाच जिल्हा परिषदेच्या आहेत, त्यांचे कामकाज पौडच्या एकाच पंचायत समितीतून चालते, आणि त्यांतील शिक्षक एकाच वेतनश्रेणीत पगार घेऊन बदलीच्या फेऱ्यांत या टोकाहून त्या टोकाला जाऊ शकतात. शाळेला मिळणारा पैसा, शाळेचे लोकांतले नाव आणि शिक्षकांची उमेद या तीन गोष्टी एकमेकींना कशा ओढतात किंवा ढकलतात, हे पाहण्यासाठी असा तालुका फार सोयीचा आहे. कारण येथे वेतन आणि नियम सारखे असूनही शाळांची नशिबे निराळी झालेली दिसतात.

यांतील तिसरा शब्द नीट समजून घेतला पाहिजे. शिक्षकांची उमेद, म्हणजेच कागदोपत्री ज्याला मनोधैर्य म्हणतात ते, म्हणजे शिक्षक खूश असणे नव्हे. आपण केलेल्या कामाने शाळेत काही फरक पडतो, तो कुणाच्या तरी लक्षात येतो आणि पुढच्या वर्षीही आपण ते काम करायला इथे असू, हा विश्वास त्यात अभिप्रेत आहे. चांगल्या नावाने पैसा येतो, पैशाने उमेद येते आणि उमेदीने नाव वाढते, असे वर्तुळ सहज काढता येते, पण ते फार काही सांगत नाही. नाव कोणत्या वाटेने पैशात बदलते, त्याला किती काळ लागतो आणि मधल्या काळाचा भार कोण सोसतो, या प्रश्नांची उत्तरे शाळेच्या प्रकारानुसार बदलतात आणि खरी गोष्ट तिथून सुरू होते.

मारुंजी परिसरात गृहसंकुलांबरोबर आलेल्या शाळा बहुतांशी स्वयंअर्थसहाय्यित प्रकारच्या आहेत, म्हणजे २०१२ च्या राज्य कायद्याखाली परवानगी घेऊन, शासनाकडून वेतनाचे अनुदान न घेता, स्वतःच्या उत्पन्नावर चालणाऱ्या आहेत. त्यांच्यासाठी नावाचे पैशात रूपांतर करणारे साधन म्हणजे फी. फीवाढीवर २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याने बंधने घातलेली असली, तरी नाव असलेल्या शाळेला जागा भरण्याची चिंता नसते आणि नव्या शाळेला ती दर जूनला असते. नाव होण्यापूर्वी इमारत, मैदान, बस आणि जाहिरात यांवर खर्च करावा लागतो, आणि तो भरून काढताना सर्वांत मोठी व सर्वांत लवचीक बाब म्हणून शिक्षकांच्या पगाराकडे लक्ष जाते. खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींसाठी १९७७ चा कायदा आहे, परंतु विनाअनुदान शाळांत त्यातील वेतनश्रेणीचे पालन किती होते, हे शिक्षकांच्या संघटनांना आणि न्यायालयांनाही चांगले ठाऊक आहे. कमी पगाराचा शिक्षक चार-सहा महिन्यांचा अनुभव गाठीशी बांधून शेजारच्या शाळेत जातो, मुलांना एका वर्षात एकाच विषयाचे दोन-तीन शिक्षक पाहावे लागतात, आणि फलकावरचे नाव चकचकीत असतानाच ते आतून झिजू लागते. ही झीज पालकांना दोन-तीन वर्षांनी कळते, आणि तोवर फी घेणारा व ती भरणारा दोघेही शाळा उत्तम चालली आहे असेच समजून असतात.

जिल्हा परिषदेच्या शाळेला फीच घेता येत नसल्यामुळे तिच्या नावाचे पैशात रूपांतर करणारे साधन वेगळे आहे, आणि त्याला शिक्षकांच्या बोलीत ‘पट’ म्हणतात. हजेरीपत्रकावरील मुलांची संख्या म्हणजे पट, आणि दरवर्षी ३० सप्टेंबरच्या पटावरून शाळेला किती शिक्षक मंजूर करायचे हे ठरवण्याच्या प्रक्रियेला संच मान्यता म्हणतात. शिक्षण हक्क कायदा, २००९ याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन, ६१ ते ९० पर्यंत तीन आणि ९१ ते १२० पर्यंत चार शिक्षक असे प्रमाण आहे. राज्याने आपल्या निर्णयांतून, अलीकडे मार्च २०२४ मध्ये, या निकषांत आपली गणिते बसवली आहेत, आणि त्यांवरून शिक्षक संघटनांची नाराजीही झाली आहे. अनुदानित खासगी शाळांचेही असेच आहे, कारण त्यांच्या शिक्षकांचा पगार शासन देत असले तरी तो मंजूर पदांपुरताच असतो आणि पदे पटावर अवलंबून असतात.

या व्यवस्थेचे वैशिष्ट्य असे की ती उतारासारखी हळूहळू चढत-उतरत नाही, तिला पायऱ्या आहेत. परिशिष्टाचे प्रमाण तसेच धरले तर ६२ मुलांच्या शाळेतून दोन कुटुंबे गाव सोडून गेली आणि पट ६० वर आला की एक पद कमी होते. त्या पदावरचा शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो आणि त्याचे ‘समायोजन’, म्हणजे जागा असेल त्या दुसऱ्या शाळेत रवानगी, होते. उरलेल्या दोघांवर पाच वर्ग येतात आणि एक जण शिक्षण विभागाच्या बैठकीला, प्रशिक्षणाला किंवा मतदार यादीच्या कामाला गेला की त्या दिवशी शाळा एकशिक्षकी होते. ज्या पालकांना पर्याय परवडतो ते पुढच्या जूनमध्ये दाखला मागतात. दोन मुलांच्या घटीने सुरू झालेली गोष्ट अशी पुढच्या पायरीपर्यंत पोचते आणि या सर्व काळात शिकवण्याचा दर्जा वाईट आहे असे कुणीही सिद्ध केलेले नसते.

किरकोळ खर्चाच्या पैशालाही पायऱ्याच आहेत. समग्र शिक्षा योजनेतून शाळेला जे संयुक्त अनुदान मिळते, त्याची मर्यादा ३० मुलांपर्यंत वर्षाला १० हजार, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार आणि १,००० पर्यंत ७५ हजार रुपये अशी ठेवलेली आहे. दहा हजार म्हणजे महिन्याला आठशे तेहतीस रुपये. त्यात वीजबिल, खडू, स्वच्छतेचे साहित्य, छपराची डागडुजी आणि आता इंटरनेटही बसवायचे असते. हिशेब न जुळल्यास मुख्याध्यापक खिशातून घालतो, आणि खिशातून घातलेल्या पैशाचा हिशेब कुठल्याच अहवालात येत नाही. अनुदानित शाळांच्या वेतनेतर अनुदानाची, म्हणजे पगाराव्यतिरिक्तच्या खर्चासाठीच्या रकमेची, कथाही याच जातीची आहे.

पट हे नावाचे माप आहे, असे ही व्यवस्था गृहीत धरते. मुळशीत हे गृहीतक दोन्ही टोकांना कोसळते. मारुंजीच्या बाजूला बांधकामावर आलेले मजूर, घरकाम करणाऱ्या बाया, सुरक्षारक्षक यांची मुले मराठी शाळेत येतात, आणि रोजगार वाढला की पट वाढतो. त्यात शाळेच्या कर्तृत्वाचा वाटा असेलही, पण पटाच्या आकड्यावरून तो वेगळा काढता येत नाही. धरणामागच्या वस्त्यांत तरुण कुटुंबे पुण्याकडे, म्हणजे अनेकदा हिंजवडीकडेच, सरकल्याने पट घटतो आणि तिथल्या शिक्षकाने कितीही जीव ओतला तरी जन्मालाच न आलेली मुले त्याला पटावर आणता येत नाहीत. तरीही तालुक्याच्या बैठकीत कमी पटाच्या शाळेचा शिक्षक मान खाली घालून बसतो. वीसपेक्षा कमी मुलांच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार राज्याने २०२३ मध्ये पुढे आणला, आणि त्यासाठी नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ आणि पुणे जिल्ह्यातीलच पानशेत येथील नमुने दाखवले गेले. समूह शाळेला मोठी इमारत, अधिक शिक्षक आणि सोबत शिकणारी मुले मिळतात हे खरे असले, तरी वस्तीतील लहान शाळेच्या शिक्षकाने त्या बातमीतून घेतलेला अर्थ आपले काम तात्पुरते आहे एवढाच होता, आणि ज्याला स्वतःचे काम तात्पुरते वाटते त्याच्याकडून पाच वर्षांचा विचार होत नाही.

पटावर पैसा बांधला की पट फुगवला जाण्याचा धोकाही येतोच. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर एकाच वेळी तीन दिवस पटपडताळणी झाली आणि हजेरीवर असलेली पण वर्गात नसलेली लाखो नावे उघडी पडली. त्यानंतर नियंत्रणे कडक होत गेली आणि आता आधार क्रमांक जुळलेल्या मुलांचाच पट संच मान्यतेसाठी धरला जातो. याचा फटका बोगस नावांना बसला तसा मारुंजीसारख्या गावांतील खऱ्या मुलांनाही बसतो, कारण गावोगाव फिरणाऱ्या मजुराच्या मुलाच्या आधारवरील नावात, जन्मतारखेत किंवा बोटांच्या ठशांत काहीतरी जुळत नाही. मूल वर्गात बसलेले असते, पण कागदावर नसते.

मारुंजीच्या बाजूचे दुसरे वास्तव समजण्यासाठी अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये मांडलेला विचार उपयोगी पडतो. एखाद्या संस्थेचा दर्जा घसरू लागला की तिच्या लाभार्थ्यांपुढे दोन वाटा असतात, असे त्याचे म्हणणे होते; एक सोडून जाण्याची आणि दुसरी आवाज उठवून सुधारणा करून घेण्याची. सोडून जाणे सोपे झाले की ज्यांना दर्जाची सर्वाधिक चाड आहे तेच आधी जातात, आणि आवाज उठवू शकणारी माणसेच गेल्याने संस्था शांतपणे खाली जाते. त्याने यासाठी सरकारी शाळांचेच उदाहरण घेतले होते. शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शासकीय व अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती ठेवली आणि तिचे पाऊणशे टक्के सदस्य पालक असावेत अशी तरतूद केली, परंतु पाय रोवून असलेले गावकरी, ग्रामपंचायत सदस्य आणि शिकलेले पालक यांची मुले पिवळ्या बसमधून इंग्रजी शाळेत जाऊ लागली की समितीत उरतात ते रोजंदारी बुडवून बैठकीला येणारे पालक. त्यांचा आवाज पंचायत समितीपर्यंत पोचायला जास्त वेळ लागतो. शाळेच्या आवाराची भिंत पडली तर ती किती दिवस पडलेली राहते, हे बरेचसे त्या आवारात कुणाची मुले खेळतात यावर ठरते.

याच कायद्याने खासगी शाळांतील २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतील मुलांसाठी राखल्या, आणि त्यांच्या फीची भरपाई शासन करते. महाराष्ट्रात ही रक्कम बराच काळ वर्षाला १७,६७० रुपये होती आणि ती वेळेवर मिळत नाही ही शाळांची जुनी तक्रार आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत शासकीय किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला या अटीतून सूट दिली. त्यामागचा युक्तिवाद वरवर बिनतोड होता, कारण स्वतःच्या शाळेत जागा रिकाम्या असताना दुसऱ्याला पैसे देऊन तिथली मुले न्यायची आणि स्वतःचा पट घटवायचा, हा व्यवहार कुठल्याही जमाखर्चात बसत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये हा बदल रद्द केला, कारण मूळ कायद्याने मुलांना दिलेला हक्क नियमाने काढता येत नाही. निकाल योग्यच होता. मात्र राज्याने बदल करताना अप्रत्यक्षपणे एक कबुली दिली होती: संधी मिळाल्यास गरीब पालकही आपली शाळा सोडतील, हे राज्याला ठाऊक होते.

उलट दिशेने वर्तुळ फिरल्याचे उदाहरणही पुणे जिल्ह्यातच आहे. शिरूर तालुक्यातील वाबळेवाडी येथील जिल्हा परिषद शाळा ही एके काळी वस्तीवरची साधी दोनशिक्षकी शाळा होती. शिक्षकांनी शिकवण्याच्या पद्धतीत बदल केले, मुले स्वतः शिकू लागली हे पालकांच्या डोळ्यांना दिसले, मग गावाने जमीन दिली, लोकवर्गणी आणि कंपन्यांच्या मदतीतून काचेच्या वर्गखोल्या उभ्या राहिल्या आणि प्रवेशासाठी प्रतीक्षायाद्या लागल्या. क्रम लक्षात घेण्यासारखा आहे: आधी उमेद, मग नाव आणि पैसा सर्वांत शेवटी. पण त्यानंतर काय झाले तेही तितकेच बोधक आहे. खासगी शाळेकडे गर्दी झाली तर ती फी वाढवते किंवा नवी शाखा काढते. जिल्हा परिषदेच्या शाळेला फी घेता येत नाही, निवड परीक्षा घेता येत नाही, देणगीला प्रवेशाशी जोडणे कायद्याने गुन्हा आहे आणि नवी पदे पुढच्या संच मान्यतेशिवाय मिळत नाहीत. तिच्या नावातून तिला गर्दी तेवढी मिळते. अशा गर्दीत लोकवर्गणी आणि प्रवेशाची देणगी यांतली रेषा संशयास्पद दिसू लागते. तिथेही आरोप झाले आणि २०२१ मध्ये मुख्याध्यापकांचे निलंबन झाले. पुढे ते सेवेत परतले आणि खेड तालुक्यातील जालिंदरनगर या, मोजकीच मुले उरलेल्या शाळेवर रुजू झाले. तीच शाळा २०२५ मध्ये ‘टी फोर एज्युकेशन’ या संस्थेच्या जागतिक शाळा पुरस्कारात लोकमताचा पुरस्कार मिळवून गाजली. या कथेतून एखाद्या शिक्षकाचे असामान्यत्व सिद्ध होते हे उघड आहे, परंतु तिच्यातून व्यवस्थेचे वैगुण्यही सिद्ध होते: नाव माणसाबरोबर चालत गेले, आणि शाळेकडे ते साठवून ठेवण्याचे भांडे नव्हते.

पैसा, मान आणि निकाल यांची ही गाठ नवी नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी प्राथमिक शिक्षकाला किमान १२ रुपये आणि मोठ्या गावांत १५ ते २० रुपये पगार असावा, असे सुचवले होते. गावचे हिशेब, दस्तनोंदणी, टपाल यांसारखी कामे त्याच्याकडे दिल्यास त्याचा गावातील मान वाढेल, आणि जास्त मुले उत्तीर्ण करणाऱ्याला पगाराखेरीज काही भत्ता द्यावा, असेही त्यात होते. आज शिक्षकांना अशैक्षणिक कामांचे ओझे वाटते, तेव्हा ती कामे प्रतिष्ठेची शिडी म्हणून सुचवली गेली, हा काळाचा विनोद म्हणावा लागेल. पण पगार आणि मान या दोन वेगळ्या गोष्टी असून दोन्ही लागतात, हे फुल्यांना स्पष्ट दिसत होते. मुंबई इलाख्यात त्या काळी निकालानुसार अनुदान देण्याची, इंग्लंडमधील १८६२ च्या नियमावलीशी नाते सांगणारी पद्धत होती. निरीक्षक परीक्षा घेई आणि उत्तीर्ण मुलांच्या संख्येवर पैसे मिळत. तिने घोकंपट्टी वाढवली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ती मागे पडली. निकालाच्या जागी पट आला, तरी एका आकड्यावर शाळेचा जीव टांगण्याची सवय गेलेली नाही.

पगार वाढवला की उमेद वाढते आणि उमेद वाढली की मुले अधिक शिकतात, असे मानण्यापूर्वी इंडोनेशियाचा अनुभव पाहावा लागतो. तेथे प्रमाणपत्रधारक शिक्षकांचा पगार जवळपास दुप्पट करण्यात आला, आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगाधिष्ठित अभ्यासात असे दिसले की शिक्षकांचे समाधान वाढले, पैशाची ओढाताण आणि जोडधंदे कमी झाले, मात्र मुलांच्या गुणांत फरक पडला नाही. याउलट अमेरिकेत न्यायालयीन आदेशांमुळे झालेल्या निधीवाढीचा २०१६ मधील अभ्यास सांगतो की बारा वर्षे टिकलेल्या दहा टक्के अधिक खर्चामुळे मुलांची मोठेपणीची मजुरी सुमारे सात टक्क्यांनी वाढली. दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले तर टिकणे या गोष्टीचे मोल लक्षात येते. महाराष्ट्रात २००१ मध्ये ‘कायम विनाअनुदानित’ शाळांचे धोरण आले, २००९ मध्ये त्यातला ‘कायम’ हा शब्द वगळला गेला, २०१६ पासून २० टक्क्यांच्या टप्प्यांनी अनुदान सुरू झाले आणि पुढच्या टप्प्यासाठी जुलै २०२५ मध्येही शिक्षक आझाद मैदानावर बसले होते. यांतील कित्येकांनी उमेदीची पंधरा-वीस वर्षे नाममात्र पगारावर काढली, ती पगाराच्या आशेवर. आशाही एक प्रकारचे वेतन असते. फक्त तिचा थकबाकीचा हिशेब निघत नाही.

मारुंजीच्या शेजारी पैसा नाही असे कुणी म्हणू शकणार नाही. कंपनी कायदा, २०१३ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते आणि त्यात कार्यक्षेत्राजवळच्या परिसराला प्राधान्य द्यावे असे कायदा सांगतो. राज्याने सप्टेंबर २०२३ मध्ये दत्तक शाळा योजना आणून देणगीदाराचे नाव शाळेला जोडण्याची वाटही मोकळी केली, आणि ग्रामीण शाळेसाठी पाच वर्षांना ५० लाख रुपयांचे मोल ठरवले. अशा मदतीतून रंगरंगोटी, संगणक, स्वच्छतागृहे चांगली होतात आणि उद्घाटनाच्या दिवशी शिक्षकांनाही बरे वाटते. तिसऱ्या वर्षी संगणक दुरुस्तीला येतात, तेव्हा खर्च पुन्हा त्याच संयुक्त अनुदानातून करायचा असतो. देणगीतून मंजूर पद मिळत नाही, आणि बदलीच्या यादीतील शिक्षक तिच्यामुळे थांबत नाही.

मारुंजीपासून थोड्याच अंतरावर, कासारसाईजवळ, संत तुकाराम सहकारी साखर कारखाना आहे. त्याचा गळीत हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि मराठवाड्यातून आलेल्या ऊसतोडणी मजुरांच्या खोपींबरोबर शाळेच्या वयाची मुलेही येतात. त्यांच्या गावची शाळा त्यांना ३० सप्टेंबरच्या पटावर मोजून मोकळी झालेली असते आणि तिथली पदे त्यांच्या नावावर मंजूर झालेली असतात. इथल्या शिक्षकाने त्यांना शिक्षण हमी पत्रकावर वर्गात बसवून घेतले, तरी त्याच्या शाळेच्या त्या वर्षीच्या संच मान्यतेत त्यांचा काहीच उपयोग नसतो, आणि मार्च-एप्रिलमध्ये हंगाम संपला की ती परत जातात. तरीही काही शिक्षक जानेवारीच्या थंडीत खोपींपर्यंत जाऊन मुलांना बोलावून आणतात.